थिबा राजाचा वाडा

रत्नागिरीला गेलात की समुद्र बघताच, थिबा राजवाडाही बघा. नाव राजवाडा, पण खरं तर ती राजाची कैदच. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि थिबा राजाला राणी-मुलींसकट देशाबाहेर काढलं. पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी! राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६ला इथेच वारला.

त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू. ती मात्र रत्नागिरीचीच झाली. इथे संसार केला, मराठी बोलली, गरिबीत दिवस काढले आणि २००० साली गेली. मला तर राजापेक्षा तीच जास्त आठवते.

वाडा जांभ्याचा आहे. जांभ्याला बारीक भोकं असतात. पावसात तो पाणी पितो, उन्हात सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते आणि पोपडे सुटतात. कोकणातल्या आपल्या जुन्या घरांचंही तेच. गवंडी म्हणेल, सिमेंट मजबूत. त्याला चुन्याचं विचारा. आणि पावसाआधी कौलांची शाकारणी चुकवू नका. एक कौल सरकलं तरी वासा कुजतो.

वाडा आता सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत संग्रहालय आहे. गटाची सहल नेणार असाल तर सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.