मॅचर म्हणजे काय? टेस्ट नापास झाली तर कारणही कळायला हवं!

तुमच्या फोनवरच्या ॲपचं अपडेट येण्याआधी त्याच्या कोडवर शेकडो छोट्या चाचण्या चालवल्या जातात. त्यांना युनिट टेस्ट म्हणतात. टेस्टमधल्या ज्या ओळीत 'उत्तर बरोबर आलं का' हे तपासतात, ती ओळ म्हणजे असर्शन.

साध्या असर्शनची अडचण

समजा, किराणा ॲपच्या कार्टमध्ये पोहे आहेत का, हे तपासायचंय. साधी पद्धत अशी:

असर्टट्रू(कार्ट.कंटेन्स("पोहे"))

टेस्ट नापास झाली की एवढंच कळतं: 'खरं' हवं होतं, 'खोटं' आलं. मग कार्टमध्ये होतं तरी काय? आमच्याकडे टेस्ट सर्व्हरवर चालतात, हातात फक्त लॉग येतो. रिलीज अडकलेलं असताना एवढ्या माहितीवर चूक शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

मॅचर काय करतो?

जावासाठीच्या हॅमक्रेस्ट लायब्ररीत हीच तपासणी अशी लिहितात:

असर्टदॅट(कार्ट, हॅजआयटम("पोहे"))

यातला हॅजआयटम हा मॅचर. तो तपासतो आणि काय हवं होतं, काय मिळालं हेही सांगतो. अपेक्षा: 'पोहे' असलेली यादी. मिळालं: 'साखर', 'पोहे '. दुसऱ्या शब्दामागची जादा स्पेस दिसली ना? चूक तिथेच सापडली! गंमत म्हणजे 'हॅमक्रेस्ट' हे नावच 'मॅचर्स' या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून बनलंय.

कोणता मॅचर कधी?

- हॅजआयटम: यादीत एक वस्तू असली की पुरे.
- कंटेन्स: नावावरून फसू नका! इथे संपूर्ण यादी, त्याच क्रमाने जुळावी लागते.
- कंटेन्सइनएनीऑर्डर: वस्तू त्याच हव्यात, क्रम कसाही चालेल.
- क्लोजटू: दशांश संख्यांसाठी. कॉम्प्युटरमध्ये ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, म्हणून थोडा फरक चालवून घ्यावा लागतो. पैशांचा हिशेब मात्र पैशांतच, पूर्णांकात ठेवलेला बरा.

जावास्क्रिप्ट शिकत असाल तर जेस्टमध्येही मॅचर आहेत. तिथे दोन वेगवेगळ्या ऑब्जेक्टमधली माहिती सारखी आहे का, हे पाहायला टूईक्वल वापरा. टूबी मात्र ऑब्जेक्ट तोच आहे का, हे बघतो.

माझा सल्ला

टेस्ट लिहिली की एकदा मुद्दाम नापास करून बघा. मेसेज वाचून, कोड न उघडता, काय बिघडलंय हे समजलं का? नसेल, तर मॅचर बदला. सहा महिन्यांनी तो मेसेज वाचणारा माणूस बहुधा तुम्हीच असाल!