संताप अनावर झाल्यास राजीनामा बंधनकारक असतो का?

लोकप्रतिनिधीने रागाच्या भरात हात उगारला, तरी पद सोडण्याची सक्ती कायद्यात नाही. उस्मानाबादचे तत्कालीन शिवसेना खासदार रवींद्र गायकवाड यांनी २३ मार्च २०१७ रोजी दिल्ली विमानतळावर एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारहाण केली. विमान कंपन्यांनी प्रवासबंदी घातली. गायकवाड यांनी लोकसभेत सभागृहाची माफी मागितली. अधिकाऱ्याची मागण्यास नकार दिला. मंत्र्यांना खेदपत्र दिल्यावर बंदी उठली, खासदारकीही कायम राहिली. मारहाणीसारख्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाल्यासच लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सदस्यत्व जाते. तोवर राजीनामा हा नैतिकतेचा प्रश्न उरतो आणि निर्णय पक्ष व मतदारांच्या हाती राहतो. शिवसेनेने २०१९ मध्ये त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही.