एक ‘अँड’ आणि चाकांवरचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपल्याकडे म्हणतात. बँकेच्या नोकरीत मी ते 33 वर्षं अनुभवलं. 11 बदल्या झाल्या. दर वेळी ट्रकमध्ये लोखंडी कपाट सर्वांत आधी आणि तुळशीची कुंडी सर्वांत शेवटी, हा आमच्या हिनं घालून दिलेला क्रम. त्यामुळे 2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी गेलो आणि जावईबापूंनी ‘आम्ही चाकांवरचं घर घेतोय’ असं जाहीर केलं, तेव्हा मला हसूच आलं. आम्ही जे नाइलाजानं केलं, ते ही मुलं हौसेनं, वर पैसे मोजून करणार!

या घराला तिकडे आर. व्ही. म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर उभारलेली खोलीच ती. आत ओटा, फ्रिज, संडास-न्हाणी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा एक पलंग. नातवानं तो माळा फोटोतच स्वतःच्या नावावर करून टाकला. नवी गाडी परवडणारी नव्हती. जुनी, 2012 सालची, जाहिरातीत सापडली ती शेजारच्या इंडियाना राज्यात, गोशेन गावाजवळ. यात नवल नाही. गोशेन आणि त्याला लागून असलेलं एल्कहार्ट हा या गाड्यांचा कारखानदारी मुलूख. अमेरिकेतल्या बहुतेक आर. व्ही. याच परिसरात बनतात. आणि गंमत अशी, की एल्कहार्टहून निघणारा 33 क्रमांकाचा हमरस्ता गोशेनवरून थेट कोलंबसला येतो. जावई म्हणाले, ‘‘बाबा, एकच रस्ता. सकाळी जायचं, संध्याकाळी गाडी दारात!’’

मी काही बोललो नाही. गाडीचा रस्ता एक असतो, कागदांचे अनेक असतात, हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आपल्याकडे पुण्याची गाडी बंगळुरूला न्यायची तर काय काय करावं लागतं ते आठवा. मूळ आर. टी. ओ.कडून 28 नंबरच्या फॉर्मवर ना-हरकत, कर्ज फिटलं असेल तर बँकेच्या सहीचा 35 नंबरचा फॉर्म, 12 महिन्यांच्या वर गाडी तिथं राहणार असेल तर नवा नंबर, तिथला कर भरायचा आणि इकडचा परत मिळावा म्हणून अर्जामागून अर्ज. अमेरिकेत हे सगळं एका कागदाभोवती फिरतं. त्याला टायटल म्हणतात. गाडीचा सातबाराच समजा. ज्याच्या नावानं टायटल, त्याची गाडी. आणि बँकेचा बोजा असेल तर तोही त्यावर चढलेला असतो. विकणारा त्याच कागदावर सही करून गाडी तुमच्या हवाली करतो. तो कागद नसेल तर तुम्ही विकत घेतलंत ते भंगार.

गोशेनला पोचलो तेव्हा दुपार होती. गाडीचे मालक ऐंशीच्या घरातले, उंच, किंचित वाकलेले. कारखान्यातून निवृत्त झालेले. जावयांनी यादीबरहुकूम तपासणी सुरू केली. माळ्याच्या कोपऱ्यात ओल आलीय का, हे आधी बघायचं. या जातीच्या गाड्या तिथंच गळतात. टायरची नक्षी कोरी दिसली तरी भुलायचं नाही, कडेला कोरलेले चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आकड्यांवरून टायर आठ वर्षांचे निघाले, तेवढी किंमत उतरली. सौदा 35,000 डॉलरवर ठरला.

मी मात्र आतल्या टेबलाशी बसून एक वही चाळत होतो. प्रत्येक मुक्कामाची तारीख, गाडी किती मैल चालली, पाऊस होता की ऊन, रात्री काय शिजवलं, सारं बारीक, गोल अक्षरात. शेवटची नोंद 2021 च्या ऑक्टोबरमधली. पुढची पानं कोरी.

‘‘माझ्या बायकोची वही,’’ दारातून आवाज आला. ‘‘गाडी मी चालवायचो, हिशेब तिचा.’’

मग त्यांनी टायटल आणलं. बँकेतल्या सवयीनं मी आधी बोजा पाहिला. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र सोबत टाचलेलं होतं. जिवात जीव आला. मग नावं वाचली. पहिलं नाव त्यांचं. दुसरं बाईंचं. आणि मधे तीन अक्षरांचा एक शब्द : अँड.

वाचकहो, हा शब्द मला नवा नव्हता. आपल्याकडे जोडखातं उघडताना आपण ज्या रकान्याकडे बघतही नाही, तोच हा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलं असेल तर दोघांतलं कोणीही, आणि एक गेलं तर मागे राहिलेलं, पैसे काढू शकतं. ‘जॉइंटली’ लिहिलं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. टायटलवरही तसंच. नावांमधे ‘ऑर’ असता तर म्हातारबुवांची एक सही पुरली असती. ‘अँड’ होता.

मी जावयांना मराठीतून समजावलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हातारबुवांना भाषा कळली नसली तरी अडचण कळली असावी. ते पेन उघडत म्हणाले, ‘‘तिची सही मी करतो. तिचे हात कापायला लागल्यापासून चेकवर मीच करत होतो. कोणाला ओळखू येणार नाही.’’

एक क्षण कोणीच बोललं नाही. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी गाडी दारात न्यायची होती, सुट्टी एकच दिवसाची होती, आणि म्हातारा माणूस लबाडी करत नव्हता. 50 वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिची सही त्याच्या हातात बसली होती, इतकंच. पण बाई हयात नव्हत्या. मेलेल्या माणसाची सही ती. ओहायोच्या कचेरीत तो कागद एखाद्या वेळी खपलाही असता. नसता खपला, तर मुलीचे पैसे अडकले असते आणि खोट्या सहीचं बालंट या माणसावर आलं असतं.

मला एकदम 1987 साल आठवलं. मराठवाड्यातली तालुक्याची शाखा. एक बाई नवऱ्याच्या नावची पावती घेऊन आल्या होत्या, 12,000 रुपयांची. पावतीवर ‘जॉइंटली’. मुलीची फी भरायची होती. मी नियमाला धरून ‘नाही’ म्हटलं. बरोबरच म्हटलं. पण काउंटरपलीकडून, मान वर न करता म्हटलं, ‘‘दोघांच्या सह्या लागतात.’’ त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, ते कुठून आणू?’’ रांगेतलं कोणीतरी हसलं. वारसाचे कागद होऊन पैसे मिळायला त्यांना चार महिने लागले. ती फी वेळेवर भरली गेली की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

या वेळी मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, ‘‘ही सही करू नका. आम्ही थांबतो. उद्या तुमच्या कचेरीत आपण बरोबर जाऊ.’’

जावयांनी मुकाट्यानं रजा वाढवली. रात्र आम्ही त्या गाडीतच काढली. म्हातारबुवांनी परवानगीच नव्हे तर अंथरूणही दिलं. दुसऱ्या दिवशी वाहन-कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, की मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र द्या, आधी गाडी यांच्या एकट्याच्या नावावर होऊ द्या, मगच विका. म्हातारबुवांनी दाखला खिशातून काढला, पण लगेच खिडकीत दिला नाही. आधी घडी उलगडून स्वतः वाचला. मागे रांग होती. बाईंनी घाई केली नाही.

नवं टायटल यायला तीन आठवडे लागले. त्या काळात आमच्या हिनं दोनदा विचारलं, ‘‘नक्की विकायचीय ना त्यांना?’’ मलाही खात्री नव्हती. जूनअखेरीस त्यांचाच फोन आला : कागद आला, या.

बाकीचं आता भराभर सांगतो. व्यवहार त्यांच्याच बँकेत केला. बनावट बँकर्स चेकचे प्रकार तिकडेही होतात, म्हणून विकणाऱ्याला आपल्या बँकेच्या टेबलावर पैसे मोजून मिळाले की दोघांनाही स्वस्थ वाटतं. मैलांचा आकडा सहीनिशी लिहून घेतला. 2011 पासूनच्या मॉडेलना 20 वर्षांपर्यंत तो लागतो. विमा कंपनीला गाडीचा क्रमांक आधीच कळवून ठेवला होता. इंडियानाच्या नंबरप्लेटा म्हातारबुवांनी काढून घेतल्या. त्या मालकाबरोबर राहतात, गाडीबरोबर जात नाहीत. वाटेपुरता कागदी परवाना मागच्या काचेला लावला. आणि निघालो.

निघताना मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी शेवटच्या नोंदीपर्यंतची पानं नीट सोडवून घेतली आणि उरलेली कोरी वही नातवाला दिली.

फोर्ट वेन मागे पडलं, राज्याची सीमा कधी गेली कळलंही नाही. वापाकोनेटाला जेवायला थांबलो. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगचं हे गाव. नातवानं वहीत लिहिलं : ‘वापाकोनेटा. ऊन. आजीच्या दशम्या.’ मैलांचा आकडा त्यानं वडिलांना विचारून घेतला.

ओहायोत बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीचा क्रमांक आधी प्रत्यक्ष पडताळून घ्यावा लागतो. तो कागद आणि सही झालेलं टायटल घेऊन आम्ही जिल्ह्याच्या टायटल-कचेरीत गेलो. खासगी खरेदी असली तरी विक्रीकर सुटत नाही. तो तिथंच, आपल्या जिल्ह्याच्या दरानं भरला. शेवटी खिडकीतल्या बाईंनी मुलीला आणि जावयांना विचारलं, ‘‘दोघांची नावं लिहितेय. एकजण गेल्यास दुसऱ्याकडे आपोआप जावी, असं लिहू का?’’

मुलगी तिशीतली. तिला प्रश्नाचं हसू आलं. जावयांना आलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘‘लिहा.’’