पिशवीवरचा कर आणि प्रपंचाचा हिशेब

विक्रीवरील कर हा सरकारला सर्वांत सोयीचा आणि नागरिकाला सर्वांत कमी दिसणारा कर होय. प्राप्तिकराला पगारपत्रकात स्वतंत्र रकाना असतो. तो कापला गेला की कापला गेल्याचे कळते. विक्रीवरील कर मात्र आमटीत मीठ विरघळावे तसा किमतीत विरघळून जातो. वाण्याच्या दुकानात दोनशे रुपये मोजणाऱ्या गृहिणीला त्यांतले मालाचे किती आणि सरकारचे किती हे सहसा ठाऊक नसते. म्हणूनच अशा कराचा दर वाढला की दोन-चार दिवस चर्चा होते, आणि पुढे ती वाढ ‘महागाई’ या सर्वसमावेशक खात्यात जमा होऊन विस्मृतीत जाते.

१८ जुलै २०२२ पासून देशात पिशवीबंद व लेबल लावलेल्या अन्नधान्यावर, पिठावर, डाळींवर, गुळावर, मुरमुऱ्यांवर, तसेच दही, लस्सी व ताक यांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला. त्याचेही असेच झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये या कराच्या दरांची मोठी फेररचना झाली आणि अनेक वस्तूंवरील कर घटला. परंतु पीठ, तांदूळ आणि डाळी यांच्या बंद पिशव्यांवरील पाच टक्के तसेच राहिले. पाच टक्के हा आकडा दिसायला लहान आहे. तो कोणाच्या ताटातून वजा होतो आणि कोणत्या न्यायाने होतो, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे.

संविधानाची जुनी जाणीव

विक्रीकराशी आपला परिचय जुना आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली पेट्रोलसारख्या इंधनांच्या विक्रीवर कर बसला, तर मद्रास प्रांतात १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आला. मुंबई प्रांतात तो १९४६ साली सुरू झाला. पुढे १९५९ च्या मुंबई विक्रीकर अधिनियमाने त्याला दीर्घकाळ टिकलेले रूप दिले. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि १ जुलै २०१७ रोजी या करालाही बहुतांशी जीएसटीने पोटात घेतले. नावे बदलली, पद्धत सुधारली, करावर कर बसण्याचा जुना दोष बराच कमी झाला. परंतु ग्राहक शेवटी जी किंमत मोजतो तीत कर असतो, हे मूळ तत्त्व बदलले नाही.

आज विसरली गेलेली एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. संविधानाच्या मूळ २८६ व्या अनुच्छेदात अशी तरतूद होती की, समाजाच्या जीवनास आवश्यक म्हणून संसदेने जाहीर केलेल्या वस्तूंवर राज्याने विक्रीकर बसवला, तर राष्ट्रपतींच्या संमतीवाचून तो कायदा अमलात येणार नाही. त्यानुसार १९५२ साली आवश्यक वस्तूंविषयीचा कायदाही झाला. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने ही तरतूद बदलली आणि ‘जीवनास आवश्यक’ या कसोटीच्या जागी ‘आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्वाची’ ही कसोटी आली. व्यापाराच्या दृष्टीने तो बदल समर्थनीय असेल. परंतु भाकरीवर कर लावण्यापूर्वी सरकारने दोनदा विचार करावा, ही घटनाकारांची जाणीव त्या बदलात हरवली.

पिशवीची कसोटी

जीएसटी आला तेव्हा धान्यावरील कर नोंदणीकृत छाप असलेल्या मालापुरता होता. त्यातून पळवाट निघाली. छापावरील आपला कायदेशीर हक्क सोडल्याचे घोषित करून काही उत्पादक तोच माल करमुक्त विकू लागले. ही पळवाट बुजवण्यासाठी जून २०२२ च्या अखेरीस चंदीगड येथे भरलेल्या जीएसटी परिषदेच्या ४७ व्या बैठकीत छापाची कसोटी सोडून देण्यात आली आणि वेष्टनाची कसोटी स्वीकारण्यात आली. वैधमापन कायद्यानुसार ज्या पिशवीवर वजन, किंमत इत्यादी तपशील छापणे बंधनकारक आहे, ती पिशवी करपात्र ठरली.

पळवाट बुजवणे आवश्यक होते याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी जी कसोटी निवडली गेली ती विचित्र आहे. ग्राहकाला वजनात फसवले जाऊ नये, माल कोणाचा व कधीचा हे त्याला कळावे, यासाठी कायद्याने लेबल सक्तीचे केले. म्हणजे जे लेबल ग्राहकाच्या संरक्षणासाठी होते, तेच त्याच्यावर कर बसवण्याचे निमित्त झाले. उघड्या पोत्यातील डाळ घेतली तर त्या विक्रीवर कर नाही. वजनाची आणि स्वच्छतेची हमी मागितली की पाच टक्के. पिशवीबंद पीठ ही एके काळी सुखवस्तू घरातील सोय असेल. आज शहरात नवरा-बायको दोघेही कामावर जातात, घराच्या जवळपास गिरणी असेलच असे नाही, आणि धान्य निवडून दळून आणायला कोणाला उसंत नाही. अशा घरी पिठाची पिशवी चैनीची खूण राहिलेली नाही.

पंचवीस किलोंच्या मर्यादेने या कसोटीतला अन्याय अधिकच उघडा पडतो. पंचवीस किलोंपर्यंतची पिशवी करपात्र. त्याहून मोठी एकच पिशवी असेल तर करमुक्त. साहजिकच काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी सव्वीस किलोंची तांदळाची पोती बाजारात आणली. आता सव्वीस किलोंचे पोते एकरकमी घेणे कोणाला परवडते? ज्याच्या हाती पहिल्या तारखेला पैसा आहे आणि ते ठेवायला घरात जागा आहे त्याला. आठवड्याची मजुरी हाती आल्यावर दोन किलो तांदूळ नेणाऱ्याला ही करमुक्ती मिळत नाही. त्याने छोटी पिशवी घेतली तर कर उघड आहे. त्याने सुटे तांदूळ घेतले, तरी दुकानदाराने ते पंचवीस किलोंच्या पिशवीतून काढून दिलेले असतील, तर त्या पिशवीवर दुकानदाराने भरलेला कर भावात शिरलेलाच असतो.

पाच टक्के कोणाचे?

एक साधे उदाहरण घेऊ. पाच माणसांच्या एका कुटुंबात पिशवीबंद पीठ, तांदूळ, डाळी व गूळ मिळून महिन्याला चार हजार रुपयांचा माल येतो असे समजा. पाच टक्क्यांनी कर होतो दोनशे रुपये, वर्षाला चोवीसशे. या कुटुंबाचे मासिक उत्पन्न सोळा हजार असेल, तर त्याने उत्पन्नाचा सव्वा टक्का या एका कराला दिला. दुसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न दहापट, म्हणजे एक लाख साठ हजार आहे आणि ते उंची तांदूळ खाऊन याच वस्तूंवर दुप्पट खर्च करते असे मानले, तरी त्याचा भार उत्पन्नाच्या पाव टक्क्यावर जात नाही. दर दोघांना एकच. भार मात्र गरिबावर पाचपट.

माणूस जितका गरीब तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ सालीच दाखवून दिले होते. आपल्याकडील २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोगखर्च पाहणीनुसार ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या सुमारे ४६ टक्के, तर शहरी भागात सुमारे ३९ टक्के रक्कम अन्नावर जाते. शहरातील सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च अवघा २,००१ रुपये, तर सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४ रुपये होता. दोन हजारांत महिना काढणाऱ्याच्या हिशेबात दहा-वीस रुपयांनाही जागा लागते. ती काढण्यासाठी कोणी जेवण सोडत नाही. आमटी पातळ होते, दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर येते.

भत्त्याची ढाल सर्वांना नाही

यावर कोणी म्हणेल, महागाईभत्ता त्यासाठीच तर आहे. किरकोळ किमती वाढल्या की निर्देशांक चढतो आणि वर्षातून दोनदा भत्त्याची फेररचना होते. कर हा किमतीचाच भाग असल्याने करवाढीची भरपाईही, उशिरा का होईना, त्यातून होते. हे नियमित वेतनश्रेणीतील कर्मचाऱ्याबाबत खरे आहे. पण आज एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत वेतनश्रेणीतील शिक्षक आणि शिक्षणसेवक शेजारी-शेजारी बसतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ सहा हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. ही ठोक रक्कम आहे, तिला निर्देशांकाचा आधार नाही. कंत्राटी कारकून, दुकानातील नोकर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांची स्थिती याहून बिकट. दर वाढला त्या दिवशी तो सर्वांसाठी वाढला. भरपाई मात्र काहींनाच मिळाली.

सरकारची बाजू

सरकारची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. जीएसटीपूर्वीही अनेक राज्ये धान्यावर कर घेत होती. एकट्या पंजाबने खरेदीकराच्या रूपाने दोन हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा केल्याचा दाखला केंद्रीय अर्थमंत्र्यांनी जुलै २०२२ मध्ये दिला होता. माल करपात्र झाला की गिरणीमालकाला यंत्रे व वेष्टन यांवर भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे किंमत पुरत्या पाच टक्क्यांनी वाढण्याचे कारण नाही, हेही तत्त्वतः बरोबर आहे. रेशनवरचे धान्य तर १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थींना मोफत मिळू लागले. परंतु रेशनमधून मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो; डाळ, गूळ, पोहे, दही यांसाठी त्या कुटुंबालाही बाजारातच जावे लागते. आणि वजावटीचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचतो की वाटेतच मुरतो, हे पाहण्याची व्यवस्था तोकडी आहे.

ती किती तोकडी आहे हे २०२५ ने दाखवले. त्या वर्षी १ एप्रिलपासून नफेखोरीविरोधी तरतुदीखाली नव्या तक्रारी स्वीकारणे बंद झाले, आणि २२ सप्टेंबरला साबण, केशतेल, टूथपेस्ट यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे मोठी करकपात आली तेव्हा ती ग्राहकाच्या हाती पडते की नाही हे तपासणारी खास यंत्रणाच आवरती घेतलेली होती. उरली ती ग्राहक हेल्पलाइन. करवाढ एका रात्रीत दुकानाच्या फळीवर पोहोचते, करकपातीला मात्र जुना साठा संपेपर्यंत वाट पाहावी लागते, हा ग्राहकाचा नेहमीचा अनुभव आहे.

दर ठरवण्यामागे स्थिर तत्त्व नसल्याचेही येथे दिसते. विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतील शार्पनरवर जुलै २०२२ मध्ये कर १२ वरून १८ टक्के झाला, २०२३ मध्ये पुन्हा १२ झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो पूर्ण माफ झाला. शार्पनर तोच, पेन्सिल तीच, विद्यार्थीही बहुधा तोच.

तत्त्व एक असावे

पूर्वी विक्रीकराचा दर वाढवायचा तर अर्थमंत्र्याला विधानसभेत उभे राहून विरोधकांचा भडिमार सोसावा लागे. आज दर ठरतो तो परिषदेत, जेथे केंद्राच्या मताला एक-तृतीयांश आणि सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन-तृतीयांश वजन आहे. राज्याचे मंत्री तेथे संमती देतात आणि राज्यात परतून केंद्राकडे बोट दाखवतात. परिषदेत आपण कोणती भूमिका घेतली याचे निवेदन अर्थमंत्र्यांनी विधिमंडळात करावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

त्याहून महत्त्वाची अपेक्षा तत्त्वाची आहे. पीठ, तांदूळ, डाळ हे अन्न आहे; ते उघड्या पोत्यात असो वा बंद पिशवीत, त्याचा धर्म बदलत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पिशवीबंद पनीर करमुक्त झाले. जो न्याय पनीरला मिळाला तो तूरडाळीला का नाकारावा, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. तिजोरीला पैसा लागतो हे मान्य. तो उत्पन्नावर आणि चैनीवर कर लावून मिळवण्याचे मार्ग सरकारजवळ आहेत. सोळा हजारांत घर चालवणाऱ्याला मात्र डाळीच्या पिशवीला दुसरा मार्ग नाही.