लांब शब्दाची फोड

त्या दिवशी असेंब्लीत इंग्रजी बातम्या वाचायची पाळी माझी होती. मध्येच ‘काउंटरइन्सर्जन्सी’ हा शब्द आला आणि माझी गाडी अडली. दोनदा प्रयत्न केला, शेवटी तो गाळूनच पुढे गेलो. मागच्या रांगेतलं हसू स्पष्ट ऐकू आलं. रात्री प्रेपला तो शब्द वहीत लिहून घेऊन बसलो, तेव्हा समजलं की लांब शब्दाची फोड दोन प्रकारे करता येते.

पहिली फोड उच्चारासाठी. एका स्वराभोवती जेवढं एका झटक्यात बोललं जातं, तो एक तुकडा. इथं असे सहा तुकडे पडतात: काउन्–टर्–इन्–सर्–जन्–सी. मुख्य जोर चौथ्यावर, म्हणजे ‘सर्’वर. आधी सावकाश म्हणा, मग वेग वाढवा. जीभ अडखळत नाही.

दुसरी फोड अर्थासाठी: काउंटर + इन + सर्ज + एन्सी. ‘काउंटर’ म्हणजे विरुद्ध. ‘इन’ आणि ‘सर्ज’ लॅटिनमधून आले. दोन्ही मिळून अर्थ होतो उठणे, उठून उभे राहणे. ‘एन्सी’ हा नाम बनवणारा प्रत्यय, ‘इमर्जन्सी’तलाच. आपणही ‘उठणे’ला ‘आव’ लावून ‘उठाव’ करतो. म्हणजे पूर्ण शब्दाचा अर्थ झाला उठावाविरुद्धची कारवाई. मिझोरममधल्या वैरेंगते इथं लष्कराचं याच लढाईचं प्रशिक्षण देणारं स्कूल आहे. त्याच्या नावात ‘काउंटर’ सुटा लिहितात, त्यामुळे पहिली फोड तिथं आयतीच दिसते.

मित्रांनो, या दोन फोडींची गल्लत मात्र करू नका. उच्चारात ‘ज’ पुढच्या ‘जन्’मध्ये जातो, अर्थाच्या फोडीत तो ‘सर्ज’जवळच राहतो. मराठीतही असंच घडतं. ‘सूर्योदय’ म्हणताना आपण ‘सूर्–यो–दय’ असं म्हणतो, पण संधी सोडवली की ‘सूर्य’ आणि ‘उदय’ हाती येतात. नुसती पहिली फोड केली तर शब्द वाचता येतो, पण कळत नाही. नुसती दुसरी केली तर कळतो, पण स्टेजवर दगा देतो.

आता ‘रिसर्जन्स’ हा शब्द घ्या. ‘रि’ म्हणजे पुन्हा. पुढची फोड तुम्हीच करा.

पुढच्या पाळीला मी बातम्यांचा कागद आदल्या रात्रीच मागून घेतला. लांब शब्दांवर पेन्सिलीने रेघा मारल्या. त्या दिवशी एकही शब्द गाळावा लागला नाही.