कॅन्सर रुग्णाची सूज आणि सुगंधी तेलाची मालिश : कार्यकर्त्यांनी काय लक्षात ठेवावे?

वर्धा जिल्ह्यात पाय सुजला की पहिली शंका हत्तीपायाची येते. हा रोग इथे नवा नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्यावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. पण अशीच सूज आम्हाला वस्त्यांमध्ये शेवटच्या टप्प्यातील कॅन्सर रुग्णांच्या अंगावरही दिसते. स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजतो. खर्ऱ्यामुळे झालेल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर चेहरा, मान सुजते. मग कुणीतरी महागडे सुगंधी तेल सुचवते आणि घरचे लोक उसने पैसे घेऊन ते आणतात.

आधी सूज का येते ते समजून घेऊ. कातडीखाली लसिकावाहिन्यांचे बारीक जाळे असते. शरीरात साचणारे पाणी त्या पुन्हा रक्तात नेतात. कॅन्सर, ऑपरेशन किंवा रेडिएशनमुळे हा मार्ग अडला की पाणी तिथेच साचते. हत्तीपायात हाच मार्ग जंतांमुळे बिघडतो. रक्तातील प्रथिने कमी झाल्याने, किडनी थकल्याने किंवा सतत पडून राहिल्यानेही सूज येते.

हलका, संथ हात धडाच्या दिशेने फिरवला तर साचलेले पाणी सरकायला मदत होते. हे काम हाताचे आहे, वासाचे नाही. ‘कॉक्रेन’ने २०१६ मध्ये कॅन्सर रुग्णांच्या मालिशीवरील १९ अभ्यास तपासले. सुगंधी तेलाने दुखणे किंवा चिंता कमी होते, असा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. तरी मायेने हात फिरवला की अनेक रुग्णांना बरे वाटते. त्यासाठी घरचे खोबरेल पुरे. रुग्णाला सुगंध आवडत असेल तर १०० मिली तेलात १ मिलीपेक्षा जास्त अर्क नको. नुसता अर्क कातडी पोळतो.

मालिश कधी करू नये, हे सर्वांत महत्त्वाचे :

- एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती फुफ्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो.
- सूज लाल, गरम असेल, ताप असेल तर.
- जखमेवर, गाठीवर, रेडिएशनने पोळलेल्या कातडीवर किंवा कॅन्सर हाडात पसरला असेल त्या जागी.

अशा वेळी आधी डॉक्टर. इतर वेळीही पहिल्यांदा नर्स किंवा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्यावी. सुजलेला भाग रोज धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, हातपाय उशीवर उंच ठेवावा. दुखण्याच्या गोळ्या बंद करू नयेत.

भारतातील पहिला हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाला. आपल्या खेड्यातल्या रुग्णासाठी मुंबई दूर आहे. केरळमध्ये मात्र प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघरी जाऊन अशा रुग्णांची काळजी घेतात. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले, हा महावग्गातील प्रसंग आपण विहारात ऐकतो. प्रत्येक विहारातून दोन तरुणांनी जरी ही शुश्रूषा शिकून घेतली, तरी अनेक घरांना आधार मिळेल.