समुद्रसफर : धक्का सोडण्यापूर्वीचे पाच प्रश्न



व्याख्यानमालेत समुद्रावरच्या सुट्टीविषयी बोलायचे म्हणजे थोडे संकोचल्यासारखे होते. ज्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांचा विचार व्हायचा, तेथे सहलीच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपण ज्या गावांत राहतो ती गावे मुळात बंदरे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली तीही कल्याण-भिवंडीच्या खाडीवर. त्याच गावांतल्या आपल्याला आज समुद्राचे दर्शन घडते ते बहुधा लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या खाडीपुरते. तेव्हा आयुष्यभराच्या नोकरीनंतर एखाद्या जोडप्याला चार दिवस बोटीने फिरून यावेसे वाटले, तर त्यात चैन आहे तशी जुनी ओळख पुन्हा करून घेणेही आहे.

या विषयात पडण्यापूर्वी कल्याणच्या एका मुलीची आठवण काढू. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. तेव्हा त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पुरे झाले होते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे जवळजवळ आठ आठवडे पाण्यावर. ही हकीकत आपण सर्व जाणतो. परंतु निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारीला, बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी भाषण केले, तिकडे आपले लक्ष कमी जाते. लोक जे प्रश्न विचारीत होते ते त्यांनी एकामागून एक मांडले आणि प्रत्येकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का, एकटीने का, परतल्यावर समाजाने बाहेर टाकले तर काय, संकट ओढवले तर काय, हे सारे त्यांनी जमिनीवर असतानाच निकालात काढले.

आपली चार दिवसांची सफर त्या प्रवासाशेजारी काहीच नाही. तरी धडा तोच आहे. बोट धक्क्यापासून सुटली म्हणजे विसरलेली वस्तू आणायला परत येता येत नाही, न पटलेली खोली सहसा बदलता येत नाही, आणि हवा बिघडली तर पुढच्या स्टेशनावर उतरताही येत नाही. समुद्रसफर बिघडते ती बहुधा समुद्रावर नव्हे, घरी. म्हणून पाच प्रश्नांची उत्तरे घरीच दिली पाहिजेत.

त्याआधी शब्दाचा खुलासा. आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली कोकणबोट ही वाहतूक होती. भाऊच्या धक्क्यावरून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती जाई, आणि जेथे धक्का नसे तेथे पडावात उतरून किनारा गाठावा लागे. रस्ते सुधारत गेले आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्यापूर्वीच ही नियमित वाहतूक बंद पडली. ज्याला आता ‘क्रूझ’ म्हणतात ती निराळी. येथे बोट हेच मुक्कामाचे ठिकाण. झोपणे, जेवणे, करमणूक सारे तिच्यावर. वाटेत एकदोन बंदरे पाहायची आणि बहुधा निघालो तेथेच परत यायचे. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. ती थोडेच हंगाम चालली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही मोठी बोट मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. त्यामुळे हा विषय आता केवळ श्रीमंतांचा किंवा परदेशचा राहिलेला नाही.

पहिला प्रश्न : कधी जावे?

आपण सुट्टी पाहून तारीख ठरवतो. समुद्र वारा पाहून ठरवतो. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. कोकणबोटी या दिवसांत बंद असत, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत, यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. २०२२ च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’नेही मुंबई सोडून चेन्नईहून फेऱ्या सुरू केल्या, कारण पूर्व किनाऱ्यावर या वाऱ्याचा जोर कमी असतो. मुलांच्या शाळांमुळे आपल्याला मे महिना सोयीचा वाटतो. पण अरबी समुद्रातील वादळे पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर उद्भवतात. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, आणि ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत. प्रथमच जाणाऱ्याने, विशेषतः वृद्धांना घेऊन जाणाऱ्याने, तोच निवडावा. मे महिन्यातच जायचे असेल तर पहिल्या पंधरवड्यात जावे, आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली किंवा मार्ग बदलला तर पैसे परत मिळतात की नाही, हे तिकिटाच्या अटींत आधी वाचावे.

दुसरा प्रश्न : कोणती बोट, कोणती खोली?

जाहिरातीत बोटीचे ‘टन’ सांगतात. पुष्कळांना वाटते ते वजन. ते वजन नव्हे. बोटीच्या पोटातील बंदिस्त जागेचे ते माप आहे. जुन्या हिशेबात शंभर घनफूट म्हणजे एक टन धरीत. आता सूत्र बदलले आहे, पण माप आकारमानाचेच राहिले आहे. २०२४ मध्ये प्रवासी घेऊ लागलेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २ लक्ष ४८ हजार टनांची, तर ‘एम्प्रेस’ सुमारे ४८ हजारांची. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागावे. भागाकार जितका मोठा तितकी बोट मोकळी; जितका लहान तितकी जेवणाच्या रांगेत आपली लोकल आठवण्याचा संभव अधिक.

खोल्या साधारण तीन प्रकारच्या. आतली, बिनखिडकीची, बाहेरची, बंद काचेची, आणि सज्जा असलेली. दर याच क्रमाने चढतात. जो दिवसभर डेकवर राहणार आहे त्याला आतली खोली पुरे. ज्या घरात आजोबांना दुपारी पडून समुद्र पाहायचा आहे, तेथे सज्ज्याचे पैसे वाया जात नाहीत. पण खिडकीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोलीची जागा. मुलांच्या झोपाळी-फळीची टोके खूप वरखाली होतात आणि मधला भाग जवळपास स्थिर राहतो. बोटीचेही तसेच. म्हणून ज्याला बोट लागते त्याने मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंस माशाच्या परांसारखे पंख असतात. ते बोटीचे डावे-उजवे डोलणे पुष्कळ कमी करतात. पुढे-मागे हिंदकळणे मात्र त्यांनी थांबत नाही.

बोट लागते का, हेही समजून घ्यावे. अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय सांगते की आपण हलत आहोत. खोलीच्या भिंती पाहणारा डोळा सांगतो की सारे स्थिर आहे. या दोन साक्षींच्या भांडणात पोट ढवळते. उपाय त्यावरूनच निघतो. मोकळ्या हवेत येऊन दूरच्या क्षितिजावर नजर ठेवावी, म्हणजे डोळ्याची साक्ष कानाशी जुळते. वाचन करू नये. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा काहींना गुण देतो. गोळी घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्यापूर्वी. नंतर ती पोटात टिकतेच असे नाही. आपल्याला कितपत सोसते हे आधी पाहायचे असेल, तर एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीने जाऊन यावे. तासाभराच्या त्या प्रवासात थोडक्या पैशांत आपली परीक्षा होते.

तिसरा प्रश्न : खर्च किती?

जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा माणशी असतो, आणि खोलीत दोघे राहतील असे धरून असतो. एकट्याने जाणाऱ्याला अधिक भरावे लागते. या आकड्यात खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बरीचशी करमणूक येते. कर, बंदराचे शुल्क, सेवाशुल्क, पेये, खास भोजनगृहे, बंदरावरच्या सहली आणि इंटरनेट हे पुष्कळदा निराळे. तेव्हा वहीत दोन रकाने करावेत, ‘तिकिटात आलेले’ आणि ‘न आलेले’, आणि एजंटाकडून दुसरा रकाना लेखी भरून घ्यावा. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. चढताना मिळणारे कार्ड दाखवले की खर्च खात्यावर चढतो. नोट मोडताना हात अडखळतो, तसा कार्ड दाखवताना अडखळत नाही. म्हणून रोज रात्री हिशेब पाहावा. भर समुद्रात मोबाइल बोटीच्या उपग्रहयंत्रणेला जोडला गेला तर बिल भयंकर येते. धक्का सुटताच तो विमानप्रवासाप्रमाणे बंद अवस्थेत ठेवावा.

चौथा प्रश्न : कागद, प्रकृती आणि सामान

देशातल्या देशात जाताना सरकारी ओळखपत्र पुरते. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, तो कंपनी काढते की आपण काढायचा हे विचारावे. परदेशी सफरीत पारपत्राची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरलेली असावी. एक बारीक पण महाग चूक येथे होते. सिंगापूरहून निघून मलेशियाचे बंदर पाहून सिंगापूरला परत यायचे, तर आपला सिंगापुरात प्रवेश दोनदा होतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा वेळी अपुरा पडतो.

बोटीवर डॉक्टर असतो, पण तो दवाखाना. मोठे इस्पितळ नव्हे, आणि फी वेगळी. प्रवासविमा काढताना आधीपासूनचे आजार आणि समुद्रावरून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे पाहावे. गर्भारपणाचे चोवीस आठवडे झाल्यावर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांखालील मूलही घेत नाहीत. रोजची औषधे दुप्पट घ्यावीत, चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि खोलीत कित्येक तासांनी पोहोचवतात. तोवर त्या पिशवीवरच काढायचे असते. इस्त्री, पाणी तापवण्याची किटली यांना आगीच्या भीतीने मनाई असते. घरी शिजवलेले अन्नही सहसा चढू देत नाहीत. पोळी-भाजीचा डबा असला तर तो धक्क्यावरच संपवावा.

आणखी एक आपल्यापुरती सूचना. बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला जायला आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणार. डोंबिवलीहून सकाळी साडेआठच्या गाडीत बॅगा घेऊन शिरणे म्हणजे सफरीचा आरंभ भांडणाने करणे. गर्दी ओसरल्यावर निघावे, किंवा चौघांनी मिळून मोटार करावी.

पाचवा प्रश्न : संकट आले तर?

हा प्रश्न आनंदीबाईंनी टाळला नाही. आपणही टाळू नये. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात मुंबई आणि रेवस यांच्या दरम्यान बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अंतर थोडे, वाट रोजची, तरीही. लाटांचे पाणी आत येताच लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट अधिकच कलली, असे सांगतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड, आधुनिक बोट खडकाला लागून कलंडली. ३२ जण दगावले. त्या दिवशी बोटीवर नव्याने चढलेल्या प्रवाशांची संकटकाळची कवायत व्हायची होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

म्हणून ती घंटा वाजली की चहाचा पेला खाली ठेवून उठावे. जीवनरक्षक जाकीट कसे बांधायचे, आपली जमण्याची जागा कोणती, तेथे जाणारा जिना कोणता, हे पाहून घ्यावे. आणि घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, ती वाट एकदा पायांनी चालून पाहावी. धोक्याच्या वेळी माणूस विचार करीत नाही, सवय करते. या अर्ध्या तासात आपण पुढचे चार दिवस निर्धास्तपणे विकत घेतो. दुसरा धोका लहान पण नेहमीचा : पोटाचे साथीचे विकार. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. काही विषाणूंवर नुसते जंतुनाशक पुरेसे चालत नाही.

एवढी उत्तरे देऊन झाली म्हणजे मग समुद्र आपला. मुंबई ते गोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, आणि ताशी एक सागरी मैल या वेगाला ‘नॉट’ म्हणतात. पंधरा नॉटने चालणाऱ्या बोटीला पंधरा तास लागतात, म्हणजे एक रात्र. दक्षिणेकडे जाताना सूर्यास्त उजव्या हाताला, कोकणचा किनारा आणि पहाट डाव्या हाताला, परतताना उलट. खोली निवडताना हे ध्यानी ठेवले तर खिडकीचे पैसे सार्थकी लागतात. रात्री करमणुकीच्या दालनातून थोडा वेळ बाहेर या. किनाऱ्यावरच्या प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळ्या ठेक्याची असते. त्या ठेक्यावरून खलाशी दीपगृह ओळखतो. घड्याळ घेऊन आपणही मोजावे. नातवंडांना हा खेळ फार आवडतो. बंदरावर उतरलात तर परत चढण्याची वेळ बोटीच्या घड्याळाने लिहून घ्या. ती कोणासाठी थांबत नाही. आणि वेफर्सचे पाकीट पाण्यात टाकू नका. समुद्रात प्लास्टिक टाकण्यास १९८८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. तो नियम नसता तरी ज्याच्या घरी पाहुणे म्हणून गेलो त्याच्या अंगणात कचरा टाकण्याची आपली रीत नाही.

सर्व कार्यक्रमांना हजर राहण्याचाही हट्ट नको. आपण वर्षानुवर्षे ८.१७ आणि ९.०३ या मिनिटांवर जगतो. जिथे कुठली गाडी चुकण्याची भीती नाही असा एक संपूर्ण दिवस, कठड्याशी खुर्ची टाकून, सोबतच्या माणसाशी निवांत बोलत काढता आला, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मी समजतो. तो दिवस निर्वेध जावा एवढ्यासाठीच घरी बसून या पाच प्रश्नांचा खटाटोप.